फिलू, माझ्या पोरीला तू मुहूर्त दिलास

फिलू, तू गेल्याला महिना झाला त्या प्रार्थनेला, तुझ्या मिस्सेला, चर्चच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडला होता. फादर दोनदा बाहेर येऊन सांगून गेले, "अहो, चपला घालून आत आलात तरी चालतं," पण ऐकतंय कोण? मरोळचे, घाटकोपरचे, बोरिवलीचे तुझे दुकानदार सवयीने चपला काढून आत शिरले आणि अनवाणी बाकांवर बसले. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, एकालाही माहीत नव्हतं. सगळे पहिल्या रांगेतल्या तुझ्या भावाकडे बघून उठत होते, बसत होते. सलूनवाला, केकवाली, कुरियरचा तो जाडा, सगळे. भर धंद्याच्या वेळेला शटर पाडून आले होते गं. आणि मी मागच्या बाकावर बसून काय विचार करत होते सांगू? मी गेले की किती चपला असतील. खरंच. तुझ्यासाठी रडायला आले होते आणि चपला बघत बसले.

लाज वाटली म्हणशील तर वाटली थोडी. पण तुला हे कळलं असतं तर तू पोट धरून हसली असतीस. "नंदे, मेल्यावर पण माझ्याशी कॉम्पिटिशन?" असं काहीतरी म्हणाली असतीस. हो, मेल्यावर पण. तू जिंकत राहशील आणि मी टाळ्या वाजवू, असं काही ठरलं नव्हतं आपलं.

लॉ कॉलेजपासून तुझ्या शेजारी बसतेय मी. तू मरोळ गावठाणातली, मी भांडुपच्या चाळीतली मालवणी. तू मजा म्हणून वकील झालीस, मी रागाने झाले. बाबांच्या गिरणीला टाळं लागलं तेव्हा त्यांच्यासमोर एक कागद ठेवला होता. त्यांनी सही केली. काय लिहिलं होतं ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तेव्हापासून कुणी न वाचता सही केली की माझं डोकं फिरतं. हे तुला माहीत होतं. पहिल्याच वर्षी कँटीनमध्ये सांगितलं होतं मी, आणि तू माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिली होतीस. तुझ्यासारखं गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

मग मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो गाळा आपण अर्धा अर्धा घेतला. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, छतापर्यंतसुद्धा न गेलेलं. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. दोघींचं काम एकच, छोट्या धंदेवाल्यांचे कागद. दुकानाचा भाडेकरार, भागीदारी, फ्रँचायझी. पण तुझ्या बाजूने सारखं हसणं ऐकू यायचं आणि माझ्या बाजूने पानं उलटल्याचा आवाज. लोक मला मॅडम म्हणायचे. तुला ताई. कोकणातून कोण आलं की कोकमाची सोलं, कुळथाचं पीठ तुझ्या टेबलावर. अगो, कोकणातली मी, आणि सोलं तुला! मला काय मिळायचं? "मॅडम, फी जरा कमी होईल का?"

आणि तुझी ती पद्धत. अख्ख्या मुंबईत दुसऱ्या वकिलाची अशी पद्धत नसेल. समोर माणूस बसला, ताई, फ्रँचायझी घेतोय म्हणाला, की तू करार मागायचीसच नाहीस. तुझा पहिला प्रश्न, "मुहूर्त काढलाय?" आपल्या लोकांची गंमत तीच ना. करार पिशवीत तसाच पडलेला असतो, पण दसऱ्याला उद्घाटन ठरलेलं असतं. पत्रिका वाटून झालेल्या, फीत सासऱ्यांच्या हस्ते कापायची ठरलेली, दारावर लावायचं तोरण घरात येऊन पडलेलं. मग कंपनी सही कधी मागते? दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आणि आदल्या दिवशी कोण कलमं वाचत बसणार? मुहूर्त चुकेल ना!

मी असल्या लोकांना सरळ सांगायचे, तारीख सोडा, आधी कागद वाचा. ते "हो मॅडम" म्हणायचे आणि जिना उतरून सही करायचे. तू ड्रॉवरमधून पंचांग काढायचीस. कॅथलिक बाई, गळ्यात क्रूस, आणि चष्मा चढवून पंचांगाची पानं चाळायची! "दसऱ्याला काय, सगळेच करतात. त्यापेक्षा पुढे एक फार छान दिवस आहे बघा, भाऊ." आणि ज्याने माझं बापजन्मात ऐकलं नसतं, तो भाऊ खूश होऊन नव्या पत्रिका छापायला जायचा.

एकदा भडकले होते मी. तुला आठवत असेल, त्या दिवशी लाइट गेलेली आणि आपण दोघी दारात खुर्च्या टाकून बसलो होतो.

"तू वकील आहेस की भटजी?" मी म्हटलं.

"भटजीला दक्षिणा हातोहात मिळते गं. मला कुठे?"

"मस्करी नको. लोकांना खोटं सांगतेस तू."

"खोटं काय? दिवस चांगलाच असतो. सगळेच दिवस चांगले असतात." मग तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस. "नंदे, सही करू नको म्हटलं की त्याला वाटतं मी त्याचं स्वप्न मोडतेय. पुढचा दिवस धर म्हटलं की वाटतं मी त्याच्याच बाजूची. आणि मधल्या दिवसांत काय काय होतं बघ. बायको तोंड उघडते. जागेचा मालक खरं बोलतो. आणि कंपनी. चांगली कंपनी थांबते. जिच्यात खोट असते ती आरडाओरडा सुरू करते. तो आरडाओरडा ऐकला की माणूस घरी जाऊन आपणहून कलमं वाचतो."

"आणि नाही वाचली तर?"

"तर तू आहेस ना पलीकडे."

होते की! पार्टिशनवरून कागद सरकवायचीस, "नंदे, जरा बघ गं." मी लाल पेन घेऊन बसायचे. कंपनीने मशीन फक्त आपल्याकडूनच घ्यायला लावलंय, आणि धंदा सोडला तर ते भंगारात. दुकानाच्या भाड्यात माणूस पाच वर्षं अडकलाय, पण कंपनी तीन महिन्यांची नोटीस देऊन हात झटकू शकते. ब्रँडचं नाव काढलं की त्याच जागेत तोच धंदा करायला बंदी. अशी बंदी करार संपल्यावर कोर्टात टिकणं मुश्कील, पण बिचाऱ्या दुकानदाराने कोर्टात जायचं तरी कधी, कंपनीच्या गावाला? मी हे सगळं पानापानाच्या कडेला लिहून द्यायचे. तू त्यातली दोन वाक्यं उचलायचीस, चहा मागवायचीस आणि सांगायचीस, "भाऊ, लग्न करायच्या आधी घटस्फोटाचं बघून घ्या. तुम्हाला सोडायचं झालं तर काय, आणि त्यांनी तुम्हाला सोडलं तर काय." भाऊ हात जोडायचे. तुला! अक्षर माझं, डोळे माझे फुटायचे, आणि सोलं तुझ्या टेबलावर.

तू सांगायचीस त्यांना, ते खोटं नाही बोलणार मी. "हे पलीकडच्या मॅडमनी शोधलंय हां." पार्टिशनवरून मला ऐकू यायचं. पण ते लोक मान वर करून माझ्या बाजूला बघायचे आणि परत तुझ्याशीच बोलायला लागायचे.

तुझा मुहूर्त चुकलासुद्धा होता. तो बोरिवलीचा, चष्म्याच्या दुकानाची फ्रँचायझी घेणारा. त्याला थांबवलंस आणि मधल्या मध्ये त्याची कोपऱ्यावरची जागा दुसऱ्याने पटकावली. तो करार चांगला होता गं, मी वाचला होता, मी तुला म्हटलंही होतं, याला कर म्हण. पुढे किती वर्षं तुला त्यावरून टोचत राहिले मी. "बोरिवली विसरू नको," एवढंच म्हणायचे, की तुझं तोंड बंद. माझं एकमेव हत्यार होतं ते. आणि त्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यात जास्त कोण रडत होतं? बोरिवली. नाक पुसत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, ताईंसारखं कुणी होणार नाही." नाही होणार, म्हटलं.

तू तर भराभर गेलीस. गणपती बसले तेव्हा पोटात दुखतंय म्हणालीस आणि विसर्जनापर्यंत संपलंसुद्धा. हॉस्पिटलात मी रोज यायचे, आणि रोज तुझ्या खाटेजवळ कुणी ना कुणी दुकानदार पेज घेऊन बसलेला असायचा. एका दुपारी नशिबाने कुणी नव्हतं. तू डोळे मिटून विचारलंस, "सायली काय म्हणते?" मी म्हटलं, "काय म्हणणार, नोकरी चाललीय बरी." तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि परत मिटलेस. मला वाटलं दमलीस. उशी नीट केली मी तुझी. तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं ना गं? माझ्या पोरीचं, मला नसलेलं ठाऊक?

मला कळलं मिस्सेनंतर. चर्चच्या आवारात चहा चालला होता. सायलीचे डोळे सुजले होते. तिच्यासाठी तू फक्त मावशी नव्हतीस, हे मला मान्य आहे. मी कोर्टात असायचे तेव्हा तिला तू सांभाळलंस, तुमच्याकडचे ते पिठाचे फुगे तळायला तू शिकवलंस, कॉलेजातलं ते प्रेमप्रकरण आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "आई, मावशीने मला दिवाळीच्या पाडव्याचा मुहूर्त दिलाय."

"कसला मुहूर्त?"

"लाँड्रीचा."

माझी मुलगी नोकरी सोडणार होती, नाहूरला आमच्याच घराजवळ एका कंपनीच्या लाँड्रीची फ्रँचायझी घेणार होती, नवे टॉवर झालेत, दोघंही कामाला जाणारी जोडपी, कपडे धुवायला कुणाला वेळ नाही, सगळा विचार केलेला. जागा बघितलेली. करार आलेला. आणि तो करार घेऊन ती मरोळला आली होती. आपल्या गाळ्यात आली होती गं! मी कोर्टात गेलेली असताना, बघून. आणि पार्टिशनच्या तुझ्या बाजूला बसली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लाल पेन काढलं असतंस ना."

काढलंच असतं! पण फिलू, तिचं सोड, ती पोर आहे. तुझं काय? जगातल्या सगळ्यांचे करार तू माझ्याकडे सरकवलेस. सलूनचा, केकचा, चष्म्याचा. माझ्या पोटच्या पोरीचा तेवढा नाही सरकवलास. तिने शपथ घातली होती म्हणून? की तुला एकदा तरी एक गोष्ट माझ्याशिवाय करायची होती? हे मला तुला विचारायचंय आणि तू अशी जाऊन बसलीस.

घरी आल्यावर सायलीने करार जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि शेवटचं पान उघडलं. "इथे तुझी सही लागेल. जामीनदार म्हणून. घर तुझ्या नावावर आहे ना." कशी सहज म्हणाली, जणू कुरियर घ्यायचं आहे. मी म्हटलं, मावशी काय म्हणाली करार वाचून? तर म्हणे, "वाचते म्हणाली, सावकाश. दसऱ्याला नको, पाडव्याला कर म्हणाली. म्हणजे हो म्हणाली ना."

तिला वाटलं तू हो म्हणालीस. फिलू, मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. साडेतीन मुहूर्तांतला अख्खा दसरा सोडून तू तिला अर्धा पाडवा दिलास, आणि ती पोर त्याला आशीर्वाद समजली.

मी करार वाचला. लाल पेन बाजूला ठेवून वाचला, बघ. धंदा वाईट नव्हता. कागद वाईट होता. नाहूर तिचं, पण ॲपवरून आलेली ऑर्डर कंपनी वाटेल त्या सेंटरला देणार. मशीन, साबण, पिशव्या, सगळं कंपनीकडूनच, ते सांगतील त्या भावाने. काम कसं करायचं त्याची एक पुस्तिका, त्यातला शब्द न् शब्द बंधनकारक, कंपनी ती केव्हाही बदलू शकते, आणि पुस्तिका मिळणार कधी, तर सही केल्यावर! आणि माझं कलम. पुढे कंपनीने तिच्याशी काहीही नवं ठरवलं, मला न विचारता, तरी माझा जामीन चालूच. माझं नाहूरचं घर. बाबांच्या त्या कागदानंतर पै पै जोडून घेतलेलं घर, आणि कागद परत तसलाच.

मी कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात गेले तिच्याबरोबर. मॅनेजर गोड माणूस, टाय वगैरे. मी तीनच गोष्टी मागितल्या. पुस्तिका आधी वाचायला द्या. माझ्या जामिनाला रकमेची आणि मुदतीची मर्यादा घाला. आणि ज्यांनी तुमचं सेंटर घेऊन सोडलं, अशा दोघांशी आमचं बोलणं करून द्या. चालू असलेले सगळे चांगलंच बोलतात, सोडून गेलेला खरं बोलतो.

"मॅडम, आमचे सगळे पार्टनर हॅपी आहेत. सोडून कोण जाणार?"

"मग सोडायचं कलम एवढं लांबलचक कशाला लिहिलंय?"

तो हसला आणि खुर्ची सायलीकडे वळवली. "मॅम, पाडव्याचा मुहूर्त आहे ना तुमचा? जामीनदार नसेल तरी चालेल, डिपॉझिट वाढवू. पण नाहूर दुसरं कोणी मागतंय. मी तुमच्यासाठी होल्ड केलंय." आणि सायलीचा चेहरा असा उजळला की मला तो टाय धरून ओढावासा वाटला.

परत येताना लिंक रोडला रिक्षा अडकली आणि मी बोलले. बोलू की नको, आठवडाभर मनात घोळत होतं. सांगितलं तर तुझी मूर्ती फुटणार होती, नाही सांगितलं तर ती सही करणार होती. आता उगाच साळसूदपणा कशाला, मूर्ती फुटणार म्हणून मला वाईटच वाटत होतं असं नाही.

"सायली, मावशीचा पाडवा म्हणजे हो नव्हता."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. पंचांग, पत्रिका, मधले दिवस, कंपनीचा आरडाओरडा. ती म्हणाली, "म्हणजे मावशी मला येडं बनवत होती?"

"येडं नाही गं. वेळ काढत होती."

"सगळ्यांना असंच सांगायची?"

"सगळ्यांना."

"मी सगळे नाहीये." तिचा आवाज चिरकला. "तू मुद्दाम सांगतेयस. तू जळतेस तिच्यावर. ती गेली तरी जळतेस, आई."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. बघू दे. "हो, जळते!" मी म्हटलं. "तू जन्मलीस तेव्हापासून जळते. तू पडलीस की तिच्याकडे धावायचीस, मी समोर उभी असले तरी. मग? मी जळते म्हणून त्या कागदातली कलमं बदलणार आहेत का? माझ्यावर चीड, पण कागद वाच." नाहूर येईपर्यंत दोघी दोन बाजूंना बघत बसलो.

दिवाळी आली. करंज्या झाल्या, कंदील लागला, दोघी कामापुरतं बोलत होतो. करार टीव्हीजवळ पडलेला. मी एकदाच सांगितलं, जामिनावर मी अशी सही करणार नाही, बाकी तुझा निर्णय. आणि स्वयंपाकघरात उभी राहून तुझ्याशी भांडत होते. कारण फिलू, मला एक शंका यायला लागली. बाकीच्यांना तू पाडवा द्यायचीस ते थांबवायला, हे मला पक्कं माहीत आहे. पण सायलीला? तिच्याशी तू कधी खोटं बोलली नव्हतीस, माझ्याशी बोलली असशील. तिला तू खरंच मनापासून एक चांगला दिवस काढून दिला असशील तर? तुला ती लाँड्री आवडली असेल तर? मी तुझ्या तोंडी 'नाही' घातलं आणि तू 'हो' म्हणून गेली असशील तर? साक्षीदाराला न विचारता त्याचं उत्तर लिहून टाकलं मी. एरवी दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी कोर्टात उभी राहून ओरडले असते.

आज पाडवा. सकाळी सायली साडी नेसून, करार पिशवीत टाकून अंधेरीच्या ऑफिसात जायला निघाली. मी दाराशी गेले. अडवलं नाही. जाताना मला वाकून नमस्कार केला तिने, सणाचा म्हणून, आणि मला वाटलं, गेलं, आता वाट लागली. घरात बसवेना. भांडी परत परत पुसत बसले.

दुपारी ती आली. पिशवी खुर्चीवर टाकली आणि उभ्या उभ्या पाणी प्यायली.

"नाही केली सही."

मी काहीच बोलले नाही. पहिल्यांदाच जमलं मला.

"त्याला म्हटलं, आधी पुस्तिका द्या, आठवडाभर वाचते, मग सही. पहिल्यांदा गोड बोलला. मग म्हणाला मुहूर्त टळेल. मग म्हणाला आज नाही तर नाहूर गेलं. मी म्हटलं थांबा ना थोडं. तर आवाज चढवला, आई. त्या हारतुऱ्यांसमोर, सगळ्यांदेखत. मग उठले मी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं ठरवलेलं सगळं गेलं होतं, जागा, नाव, रंगसुद्धा ठरवला होता तिने दुकानाचा. मी तिला जवळ घेतलं. ती आली. बऱ्याच वर्षांनी अशी आली.

तिथे गप्प बसायला हवं होतं मी. तू बसली असतीस. पण पुस्तिका मागायचं सुचवलं मी होतं, आणि थांबवून आवाज चढायची वाट बघायची, ते तुझं. माझ्या तोंडातून निघूनच गेलं.

"कुणाचं ऐकलंस पण? माझं की तिचं?"

सायली माझ्या खांद्यावरून बाजूला झाली. चिडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि अगदी हळू म्हणाली, "आई, मावशी नाहीये आता."

फिलू, तुला पुरलं तेव्हा मी मूठभर माती टाकली. मिस्सेला बसले. तुझ्या बाजूचा पंखा बंद केला, टेबलावरची सोलं घरी आणली. आणि मला हे आज कळलं, माझ्या स्वयंपाकघरात, पाडव्याच्या दुपारी.

समोरचा पक्ष हजर नसला की कोर्ट एकतर्फी निकाल देतं. आपण दोघींनी कितीदा घेतलेत असे निकाल, आणि बाहेर येऊन चहा प्यायलोय. मला हा नको. पोर आज माझ्याकडे आली, पण तू तिथे नसताना आली, आणि तू असतीस तर कुणाकडे गेली असती ते मला कधीच कळणार नाही. असलं जिंकणं घेऊन मी काय करू? एकदा हजर हो गं. भांड माझ्याशी, सायलीला घेऊन जा तुझ्या बाजूला, हसा दोघी पलीकडे. मी हरायला तयार आहे.